टर्बो नंतर, आधी मागचं हौसिंग बघा (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या वेळेस पत्रांमध्ये टर्बोचाच विषय जास्त आहे. त्यातलं फ्रीमाँटहून आलेलं एक पत्र इतकं सविस्तर आहे की निम्मी जागा त्यालाच द्यायची ठरवली, कारण त्यांनी जे विचारलंय ते गाडीची पॉवर वाढवायला निघालेला जवळपास प्रत्येक जण विचारतो आणि उलट्या बाजूने विचारतो. पण आधी कराडच्या एका विद्यार्थ्याचा छोटा प्रश्न घेतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्यात सगळे म्हणतात टर्बो म्हणजे फुकटची पॉवर, कारण तो सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो. हे बरोबर आहे का? आणि बरोबर असेल तर मग सगळ्या गाड्यांना पहिल्यापासून टर्बो का नव्हता?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : अर्धं बरोबर आहे. पेट्रोलमधल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर बाहेर जातो, त्यातला थोडा भाग टर्बाइन पकडतं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला असलेला कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात ढकलतो. शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज मारतो. पण टर्बाइन आडवं आलं की धुराला बाहेर पडायला जोर लागतो, तो जोर पिस्टनलाच लावावा लागतो, म्हणजे अगदी फुकट नाही, स्वस्तात म्हणा. आणि खरी किंमत वेगळीच असते, ती म्हणजे उष्णता. हवा दाबली की ती तापते (सायकलचा पंप मारताना खालचा भाग गरम लागतो ना, तेच), तापलेली हवा सिलिंडरात गेली की पेट्रोल प्लगची ठिणगी पडल्यावर नीट जळत जायच्याऐवजी राहिलेला कोपरा आपोआप एकदम पेटतो, त्यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते पिस्टन खातं.

कल्पना जुनीच आहे, स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने १९०५ मध्ये पेटंट घेतलं होतं. आधी जहाजांची मोठी डिझेल इंजिनं आणि विमानं यांच्यात टर्बो रुळला, पेट्रोल कारमध्ये यायला १९६२ साल उजाडलं, त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्वेअर मोंझा स्पायडर अशा दोन टर्बो गाड्या आल्या. जेटफायरची गंमत बघा, इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) १०.२५ इतकं जास्त ठेवलेलं, त्यामुळे नॉकिंग होऊ नये म्हणून मिथेनॉल आणि डिस्टिल्ड वॉटरची एक वेगळी टाकी दिली होती आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आला की ते मिश्रण आत फवारलं जायचं. टाकी रिकामी झाली की बूस्ट कमी व्हायचा. लोक ती टाकी भरायला विसरायचे, वैतागायचे, आणि १९६३ नंतर ती गाडी बंदच झाली. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, नॉकिंग ओळखणारा सेन्सर, कॉम्प्युटरवर चालणारं इंजेक्शन आणि चांगला इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) हे तिन्ही स्वस्त होईपर्यंत पेट्रोल टर्बो घरोघरी येणं शक्यच नव्हतं.

प्रश्न : दादा नमस्कार, मी मूळचा सांगलीचा, आता फ्रीमाँटला असतो. माझ्याकडे १९९१ ची माझदा मियाटा आहे, १.६ लिटर, पाच गिअरची, ९२ हजार मैल झालेत, इंजिन गिअरबॉक्स डिफरन्शियल सगळं कंपनीचंच आहे. सध्या गाडी छान आहे पण हायवेला चढावर दमते. एकाकडून सेकंडहँड टर्बो किट मिळतंय, मॅनिफोल्ड, गॅरेट जीटी२५६०आर टर्बो, इंटरकूलर आणि पाइप एवढं आहे. मला चाकावर २०० हॉर्सपॉवर पाहिजेत. वर्षातून तीन-चार वेळा थंडरहिलला ट्रॅकवर जातो, बाकी रोजचं चालवणं. मित्र म्हणतो आधी टर्बो लाव, बाकीचं जेव्हा तुटेल तेव्हा बघू. बूस्ट किती ठेवू? गिअरबॉक्स टिकेल का? आणि खरंच आधी टर्बो लावला तर चालेल का?
– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : मित्राचं ऐकू नका. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी काही वर्षं ओहायोत होतो तेव्हा आमच्यातल्या एकाकडे १९९० ची अशीच लाल मियाटा होती, आम्ही तिघांनी मिळून थंडीच्या दोन महिन्यांत त्याच्या गॅरेजमध्ये टर्बो बसवला, बाकी सगळं कंपनीचं तसंच ठेवलं, आणि गाडी बाहेर काढल्यावर तिसऱ्याच दिवशी सिग्नलवरून पहिल्या गिअरमध्ये उजवीकडे वळताना मागून एकच कडाक् असा आवाज आला. इंजिन चालू, गिअर पडतोय, क्लच सुटतोय, पण गाडी जागची हलत नाही. घरी ओढत आणली आणि डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा, वर शीर्षकात म्हटलेलं मागचं हौसिंग तेच) खालचा बोल्ट काढला तर जे ऑइल आलं ते काळं नव्हतं, चांदीची पूड कालवल्यासारखं राखाडी आणि चकचकीत होतं, आणि त्यातून पिनियनचा (आतल्या छोट्या गिअरचा) एक आख्खा दात टप्पकन ट्रेमध्ये पडला. तो दात मी अजून जपून ठेवलाय. तुमचं पत्र वाचल्यावर पहिला तोच आठवला.

असं का झालं ते आकड्यांनी बघू. तुमच्या इंजिनचा कंपनीचा आकडा ११६ हॉर्सपॉवर आणि साधारण १३५ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवायचा जोर). पार्ट तोडतो तो टॉर्क, हॉर्सपॉवर नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. पहिल्या गिअरचा रेशो ३.१३६ आहे, टॉर्क तितक्या पटीने वाढतो, म्हणजे डिफरन्शियलच्या पिनियनवर येतात ४२३ न्यूटन-मीटर. आता टर्बो लावून इंजिनचा टॉर्क २४० झाला की तिथेच येतात ७५२. पुढे क्राउनचा (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरचा) रेशो ४.३०, म्हणजे दोन्ही एक्सल मिळून तीन हजार दोनशेच्या वर. आणि १९९३ पर्यंतच्या १.६ मियाटाला जे डिफरन्शियल आहे त्याच्या क्राउनचा व्यास फक्त सहा इंच आहे. माझदाने १९९४ ला १.८ लिटरचं इंजिन दिलं तेव्हा सोबत सात इंचाचं डिफरन्शियलही दिलं. इंजिन नुसतं १२ हॉर्सपॉवरनी वाढलं होतं, ११६ चे १२८ झाले, आणि तरी कंपनीने मागचं बदललं, यावरून काय ते समजा.

अजून एक उदाहरण देतो. २००४ ला माझदाने स्वतःच टर्बो मियाटा काढली, माझदास्पीड नावाची. १७८ हॉर्सपॉवर, म्हणजे त्या वेळच्या साध्या मॉडेलच्या १४२ पेक्षा फक्त ३६ जास्त. पण त्या ३६ साठी त्यांनी क्लच मजबूत केला, सहा गिअरचा बॉक्स दिला, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा) आणि मागचे एक्सल बदलले, लिमिटेड स्लिप (एकच चाक सुटं फिरू न देणारं) डिफरन्शियल दिलं. ज्यांनी गाडी बनवली ते मागून पुढे आले, आणि आपण सरळ बॉनेट उघडतो.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट आहे, ती किटचे पैसे देण्यापूर्वी बघा, नाहीतर सगळंच मुसळ केरात. तुम्ही कॅलिफोर्नियात आहात. तिथे १९७६ पासूनच्या पेट्रोल गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉग चेक लागतो आणि त्यात नुसता धूर मोजत नाहीत, बॉनेट उघडून डोळ्यांनीही तपासतात. बाहेरून घेतलेल्या टर्बो किटला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा म्हणजे कार्बचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो, तो तुमच्या मॉडेलला आणि तुमच्या सालाला लागू असावा लागतो. विकणाऱ्याला हा नंबर विचारा. तो नाही म्हणाला किंवा ते काही लागत नाही असं म्हणाला तर ही गाडी रस्त्यावर कायदेशीर राहणार नाही, मग ती फक्त ट्रॅकची ठेवायची तयारी असेल आणि ट्रेलरवरून न्यायची सोय असेल तरच पुढे जा. रोज ऑफिसला जायची गाडी अशी अडकवू नका, जीव तुटतो.

हे सगळं जुळलं असं धरून पुढचं सांगतो.

सर्वात आधी गाडीखाली वाकून क्रँकची (इंजिनच्या मुख्य शाफ्टची) पुढची पुली बघा. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच मियाटांमध्ये क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे आणि त्यात पुलीला क्रँकवर अडकवून धरणारी छोटी पट्टी (की) सैल होऊन क्रँकची खाच खराब व्हायची खोड आहे. ओळखायची खूण सोपी आहे, पुलीच्या मधल्या भागात चार खाचा दिसल्या तर आखूड टोकाचा, आठ दिसल्या तर नंतरचा सुधारलेला. तुमची गाडी बरोबर मधल्या काळातली आहे म्हणून म्हणतो. चार असतील आणि पुली जराशी जरी लचकत फिरताना दिसली तर त्या इंजिनवर टर्बोचा खर्च करू नका, १.८ चं चांगलं इंजिन शोधा, ते त्याच जागेत बसतं. चार असून पुली एकदम सरळ फिरत असेल तर चालवा पण तो मधला बोल्ट उगाच सोडू नका, सोडलाच तर नवीन बोल्ट घालून नीट टॉर्क रेंचनेच आवळा.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादा दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली असेल तर आधी तिथलं दुखणं शोधा.

आता मागचं काम. १९९४ ते १९९७ च्या १.८ मियाटाचं सात इंचाचं डिफरन्शियल जंकयार्डमधून घ्या, शक्यतो टॉर्सेनवालं (तेही लिमिटेड स्लिपच), पण घेताना नुसतं डिफरन्शियल घेऊन येऊ नका, त्याच गाडीचे दोन्ही बाजूंचे एक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टसुद्धा सोबतच उचला कारण १.६ चे त्याला जुळत नाहीत आणि नंतर सुटे सुटे शोधत बसलं की दुप्पट पैसे जातात. मियाटात गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब फ्रेम आहे, पीपीएफ म्हणतात तिला. ती सोडायच्या आधी गिअरबॉक्सच्या खाली जॅक लावा, नाहीतर गिअरबॉक्सची शेपटी खाली लोंबते, आणि परत बसवताना त्याची उंची पहिल्यासारखी जुळवा. आम्ही ती पहिल्यांदा नुसत्या अंदाजाने आवळली होती आणि साठ मैलांवर आख्खी गाडी थरथरायची, चाकं बॅलन्स करून घेतली, टायर बदलले, आणि शेवटी कळलं की शाफ्टचा कोन चुकलाय. त्या १.८ चा रेशो बहुतेक ४.१० असतो, टर्बोला तो बराच, गिअर जरा लांब चालतात. फक्त स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो त्यामुळे तो साधारण पाच टक्के कमी दाखवेल, त्याचं छोटं प्लॅस्टिकचं गिअर बदलून घ्या, नाहीतर पोलिसाच्या मशीनवर वेगळा आकडा येईल आणि तुमच्या काट्यावर वेगळा.

क्लच: तुमच्या इंजिनला २०० मिलिमीटरची क्लच प्लेट आहे, १.८ ला २१५ ची. १.८ चं फ्लायव्हील तुमच्या क्रँकला बसतं, म्हणून तेच घ्या आणि त्यावर जास्त दाबाची प्रेशर प्लेट घाला. क्लच प्लेट मात्र साध्या ऑरगॅनिक अस्तराची घ्या, रोज सॅन होजेच्या ट्रॅफिकमध्ये बसायचंय तुम्हाला, तांब्याच्या बटणांच्या प्लेटा झटके देतात. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी नवीन टाका. कंपनीचाच क्लच ठेवून चालवलंत तर तो चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पहिल्यांदा सांगेल, पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडीचा वेग आहे तिथेच.

गिअरबॉक्सचं विचारलंत. १६०-१७० चाकावर असेपर्यंत पाच गिअरचा बॉक्स टिकतो, चालवणारा शहाणा असेल तर आरामात टिकतो. त्याच्या वर, विशेषतः कमी आरपीएमला एकदम टॉर्क आला की तिसरा गिअर पहिला जातो. तिसऱ्यात अडीच हजार आरपीएमवर पाय पूर्ण दाबायची सवय लावू नका, चार हजारांच्या वर गेल्यावर दाबा, बॉक्सचं आयुष्य तिथेच ठरतं. ऑइल नवीन टाका, किटच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

आता बूस्ट. हिशोब करून दाखवतो. हवेचा नेहमीचा दाब १४.७ पीएसआय, त्यावर ८ पीएसआय बूस्ट म्हणजे दाब झाला दीडपटीच्या जरा वर, १.५४ पट. ११६ ला त्याने गुणलं तर १७९ येतात, उष्णतेमुळे त्यातून काही जातात, मोकळ्या एक्झॉस्टमुळे काही परत येतात, म्हणजे इंजिनला साधारण १८० आणि चाकावर १५०-१६०. तुमच्या गाडीचं वजन टनाच्या आत आहे हो, चाकावर १६० म्हणजे जवळजवळ दीडपट जोर झाला, तुम्हाला चढावर हसू येईल. २०० साठी तुम्हाला १२ पीएसआयच्या वर जावं लागेल आणि तिथे कंपनीचे कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे) काठावर येतात, एखाद्या गरम दिवशी एक खराब पेट्रोलची टाकी आली की रॉड वाकतो. म्हणून माझं स्पष्ट मत, पहिलं वर्ष ८ वर चालवा. नंतरही भूक राहिली तर रॉड आणि पिस्टन बदलून मग वर जा.

तापमानाचंही बघा. बाहेर ३० डिग्री असताना ८ पीएसआयला दाबलेली हवा कॉम्प्रेसरमधून साधारण ८५ च्या पुढे निघते. चांगला इंटरकूलर तिला ४५-५० वर आणतो. विलोजला जिथे थंडरहिल आहे तिथे उन्हाळ्यात हवाच चाळीशीला असते, तेव्हा ते गणित सगळं दहा डिग्रीने वर सरकतं. तुमच्याकडे पंपावर जास्तीत जास्त ९१ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं (ऑक्टेन जितका जास्त तितकं नॉकिंग कमी), पूर्वेकडच्या मंडळींना ९३ मिळतं. तुमच्या ट्यूनरला तुमच्याच पंपाचं पेट्रोल टाकून ट्यून करायला सांगा.

पेट्रोलची बाजू हलक्यात घेऊ नका. १.६ मध्ये हवा मोजायला झडपेचा एअरफ्लो मीटर आहे, ती झडप एकदा पूर्ण उघडली की त्याच्यापुढे कितीही हवा गेली तरी कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणजे नेमकं बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडतं आणि मिश्रण पातळ होतं. आणि थ्रॉटलवर जो सेन्सर दिसतो तो मॅन्युअल गाडीत नुसतं स्विच आहे, बंद आणि पूर्ण उघडं एवढंच सांगतो. म्हणून दाबावर चालणारा स्वतंत्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लागतो, मेगास्क्वर्टसारखा (आणि हो, त्याच्यामुळे स्मॉगचा प्रश्न परत येतो, वर सांगितलंच). कंपनीचे इंजेक्टर मिनिटाला दोनशे सीसीच्या जरा वर देतात, तुम्हाला चाकावर २०० पर्यंतची सोय ठेवायची तर ४०० च्या पुढचे घ्या, आणि टाकीतला पंप वॉल्ब्रो १९० लिटरचा पुरतो. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा) आणि त्याचा मीटर डोळ्यासमोर लावल्याशिवाय बूस्टमध्ये गाडी चालवायचीच नाही. बूस्टमध्ये मिश्रण, म्हणजे एका भाग पेट्रोलला हवेचे किती भाग, साडेअकरा ते बाराच्या मध्ये हवं, तेराच्या वर गेलं की पाय काढा. प्लग एक पायरी थंड, एनजीके बीकेआर७ई, गॅप ०.८ मिलिमीटरच्या आसपास, मोठ्या गॅपला दाबाखाली ठिणगी विझते.

पहिल्या पन्नास मैलांनंतर प्लग काढून भिंगातून बघा. चिनीमातीचा भाग फिक्का तपकिरी असला तर झोपा निवांत. त्याच्यावर मीठ शिंपडल्यासारखे बारीक चकचकीत राखाडी कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. कानाला नॉकिंग ऐकू आलं नसेल तरी ते झालेलं आहे, त्या क्षणापासून बूस्ट बंद आणि ठिणगीचं टायमिंग कमी.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं आणि हे फार थोडे लोक करतात. हे इंजिन मुळात माझदा ३२३ मध्ये आडवं बसायचं, त्याच्यातून पाणी मागच्या बाजूने बाहेर पडायचं. मियाटात ते उभं बसवलं तेव्हा मागे फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आली म्हणून थर्मोस्टॅट पुढे आणला, त्यामुळे पाणी पुढूनच आत जातं आणि पुढूनच बाहेर येतं, आणि चार नंबरच्या सिलिंडरभोवती ते नीट फिरत नाही. साध्या गाडीला फरक पडत नाही. टर्बो आणि ट्रॅक दोन्ही असेल तर पडतो. पाण्याची वाट परत मागून काढायचं किट मिळतं, मोठ्या रेडिएटरच्या आधी ते करा.

आणि शेवटी टर्बोचं ऑइल. ऑइल टर्बोत दाबाने जातं पण परत येतं ते नुसतं उतारावरून, त्यामुळे परतीचा पाइप जाड हवा, १६ मिलिमीटरच्या आसपास, कुठेही वर चढायला नको, आणि चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) तो ऑइलच्या पातळीच्या वर जोडायचा. त्यासाठी चेंबरला भोक पाडावं लागतं आणि मियाटाचं चेंबर उतरवणं म्हणजे पुढची सगळी क्रॉसमेंबर सोडणं, त्यामुळे बरेच जण जागेवरच पाडतात. जागेवर पाडायचं तर ड्रिलला आणि टॅपला जाड ग्रीस थापा, चार फेरे मारा, बाहेर काढा, ग्रीसला चिकटलेला कीस पुसा, परत ग्रीस. आम्हाला त्या एका भोकाला दीड तास लागला. मग स्वस्तातलं दोन लिटर ऑइल वरून ओतून खालून मोकळं सोडा, म्हणजे राहिलेला कीस निघून येतो. नवीन गास्केट, नवीन ऑइल, आणि पहिल्यांदा स्टार्ट करताना इंजेक्टरचं कनेक्शन काढून नुसता स्टार्टर मारून ऑइलचा दाब येऊ द्या.

तर क्रम असा धरा, स्मॉगचा कागद, पुली, कॉम्प्रेशन, मग डिफरन्शियल आणि क्लच, मग पाणी, मग ईसीयू आणि इंजेक्टर, तेही टर्बो नसतानाच लावून गाडी महिनाभर नीट चालवून बघा, आणि टर्बो सर्वात शेवटी. किट तोवर खोक्यात राहिलं तरी सडत नाही. पुलीचा फोटो मात्र मला नक्की पाठवा.

प्रश्न : माझी पोलो जीटी टीएसआय आहे, २०१५ ची, डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली. एक जण रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून, १०५ हॉर्सपॉवरचे १४० करून देतो म्हणतोय, लॅपटॉप लावून अर्ध्या तासात. वर काही पार्ट लागत नाही म्हणे. करू का? आणि आपल्याकडे ९१ ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं तेच अमेरिकेत पण वापरतात ना?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पार्ट लागत नाही हे इंजिनपुरतं बऱ्यापैकी खरं आहे, टर्बो कंपनीचाच आहे आणि त्यात थोडी जागा असते. पण तुमचा गिअरबॉक्स सात गिअरचा सुक्या क्लचचा डीक्यू२०० आहे, त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. तुमची गाडी कंपनीतून १७५ ने येते. त्या माणसाला हॉर्सपॉवर विचारू नका, टॉर्कचा ग्राफ मागा, आणि तो २२०-२३० च्या वर जात असेल तर नको म्हणा, कारण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकताना ते सुके क्लच आधीच तापलेले असतात. क्लच पॅकचा खर्च आधी माहीत करून घ्या आणि मग रिमॅपचे पैसे स्वस्त वाटतात का बघा.

पेट्रोलचं, नाही, ते एक नाही. ऑक्टेन मोजायच्या रॉन आणि मॉन अशा दोन पद्धती आहेत, आपल्या पंपावरचा ९१ हा रॉन पद्धतीचा आकडा होता, अमेरिकेतला ९१ हा दोन्हींची सरासरी असतो, म्हणजे तिथला ९१ आपल्याकडच्या ९५-९६ च्या बरोबरीचा धरा. त्यामुळे अमेरिकेतल्या ट्यूनची फाइल इथे जशीच्या तशी टाकून ९१ रॉनच्या पेट्रोलवर चालवली तर नॉकिंगचा धोका आहेच. रिमॅप केलंत तर कायम ९५ किंवा त्यावरचं टाका, इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनवालंही २०२० च्या शेवटापासून मिळतंय पण रोज परवडत नाही.

कायद्याचंही लक्षात असू द्या, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे परत ठामपणे सांगितलंय. इन्शुरन्स कंपनीला कळवलं नाही आणि मोठा क्लेम आला तर तिथेही अडचण येते. मला विचाराल तर तुमच्या गाडीला चांगले टायर आणि ब्रेकचं नवीन ऑइल टाका, ताम्हिणीत त्याचा फरक रिमॅपपेक्षा जास्त जाणवेल.

प्रश्न : आमच्याकडे नवी टर्बो पेट्रोल गाडी आहे. मिस्टर रोज घरी आल्यावर गाडी दोन मिनिटं तशीच चालू ठेवतात, म्हणतात टर्बो थंड होऊ दे. पेट्रोल वाया जातं आणि पार्किंगमध्ये धूर होतो. हे गरजेचं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शहरातून चालवून आला असाल तर काहीच गरज नाही. जुन्या टर्बोत फक्त ऑइलने थंडावा मिळायचा, गरम इंजिन एकदम बंद केलं की बेअरिंगमधलं ऑइल जागेवर जळून काळा थर धरायचा, तिथून ही सवय आलीय आणि जुन्या डिझेल गाड्यांवर ती बरोबरही होती. आताच्या बहुतेक पेट्रोल टर्बोला पाण्याचाही थंडावा असतो, काही गाड्यांत तर इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप पाणी फिरवत राहतो. सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत हळू येताना टर्बो आपोआप निवतो. मात्र कसारा घाट भरल्या गाडीने जोरात चढून आलात आणि वर लगेच चहाला थांबलात, तर तेव्हा मिनिटभर चालू ठेवायला सांगा, किंवा शेवटचा एक किलोमीटर शांत चालवायला सांगा, ते जास्त चांगलं. आणि ऑइल बदलायची तारीख पुढे ढकलू नका, टर्बोवाल्या गाडीला कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल टाकायचं, दुकानदार दुसरं देत असेल तर डबा परत करा.